फेरफाराविना सातबारा

शेतजमीन विकत घ्यायला निघालेला माणूस कितीही भोळा असला, तरी नुसता सातबारा बघून पैसे मोजत नाही. उताऱ्यावर नावांशेजारी फेरफार क्रमांक असतात. जाणता माणूस ते टिपून घेतो आणि एकेक फेरफार काढून बघतो. हे नाव इथे कधी लागलं, वारसाने लागलं की खरेदीने, नोटिसा कुणाला गेल्या, नोंद मंजूर कुणी केली. सातबारा म्हणजे आजची स्थिती, आणि फेरफार म्हणजे ती स्थिती इथवर कशी आली याचा हिशोब. दोन्ही जुळत नसतील, तर उताऱ्यावर सही कुणाचीही असो, व्यवहार करू नये हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे बघा. त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम ही कुणीतरी बनवून पाठवलेली एक भलीमोठी तयार फाईल आहे. तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे. पण ती नेमक्या कुठल्या कोडपासून, कुठल्या यंत्रावर, कुठल्या अवजारांनी बनली, हे बहुतेक वेळा तुम्हाला तपासता येत नाही. म्हणजे उतारा आहे, सही आहे, पण फेरफार नाही. आणि अशा उताऱ्यावर आपण बँकेचं खातं, आईचे मेडिकल रिपोर्ट आणि मध्यरात्रीच्या चॅट ठेवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जी ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या नोंदवलेल्या सोर्स कोडपासून दुसऱ्या कुणालाही बिट-न्-बिट तशीच पुन्हा बनवता येत नाही, तिला 'रिलीज' म्हणू नये. तो एका यंत्रावर एकदा घडलेला अपघात आहे. बहुतेक वेळा बरा अपघात असतो, एवढंच.

माझ्या घरचा अनुभव

हे मी दुरून बोलत नाही. मी स्वतः बिल्ड बनवून खातो. एका कंपनीत असताना आमचं काम होतं लिनक्सवर चालणाऱ्या एका उपकरणासाठी सिस्टीमची इमेज बनवायची. दीड वर्षापूर्वी दिलेल्या एका आवृत्तीत ग्राहकाकडे उपकरण आपोआप बंद पडायला लागलं. आम्ही निवांत होतो. गिट होतं, प्रत्येक रिलीजला टॅग होता. टॅग चेकआउट केला, बिल्ड केला, उपकरणावर चढवला. चोवीस तास चाललं, काही बंद पडेना. मग दोन्ही इमेज शेजारी ठेवून बघितल्या, तर त्या दोन वेगळ्याच वस्तू होत्या. आकारच वेगळा.

मूळ इमेज बनवली होती एका सहकाऱ्याने, त्याच्या लॅपटॉपवर, रिलीजच्या रात्री. तो नोकरी सोडून गेला होता आणि लॅपटॉप फॉर्मॅट होऊन दुसऱ्याच्या मांडीवर होता. पुढचे अकरा दिवस आम्ही बायनरी उकलत बसलो. निघालं काय, तर एका ड्रायव्हरमध्ये टाइमआउटचा आकडा बदललेला होता. त्याने घाईत बदलला, बिल्ड केला, चाललं, पाठवून दिलं आणि कमिट करायला विसरला. कुणाचा काही डाव नव्हता, साधी दमलेल्या माणसाची विसरभोळी चूक.

त्या अकरा दिवसांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आमच्या गिटमध्ये जे होतं तो आमचा कोड नव्हता, ती आमची समजूत होती. ग्राहकाकडे जे गेलं ते वेगळंच होतं. आणि एका दमलेल्या मित्राची एक ओळ आम्हाला दीड वर्ष दिसली नाही, तर हुशार शत्रूची ओळ कधी दिसली असती?

एकच कोड, दोन यंत्रं, दोन फाईली

कुणी म्हणेल, कोड एक असेल तर बिल्ड एकच येणार ना? गणितात दोन अधिक दोन पुण्यातही चार आणि नागपुरातही चारच. दुर्दैवाने सॉफ्टवेअरची बांधणी गणितासारखी होत नाही, ती आजीच्या लोणच्यासारखी होते. कृती लिहिलेली असते, पण त्यात 'मीठ अंदाजाने' असं असतं.

हा अंदाज कुठे कुठे शिरतो ते बघा. सर्वांत मोठा चोर म्हणजे घड्याळ. हजारो प्रोग्राम बनताना स्वतःच्या पोटात 'मी अमुक दिवशी अमुक वाजता बनलो' असं लिहून ठेवतात. एका सेकंदाने उशिरा बनवलं की फाईल बदलली. आकडा बघायचा असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन कर्नल व्हर्जन उघडा. अनेक फोनांवर तिथे कर्नल बनवल्याची तारीख आणि वेळ दिसते, काहींवर तर बनवणाऱ्या युजरचं आणि यंत्राचं नावसुद्धा.

दुसरा चोर म्हणजे पत्ता. कोड ज्या फोल्डरमध्ये ठेवून बनवला त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग डीबगच्या माहितीत उतरतो. तिसरा म्हणजे क्रम. 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाईली घे' असं सांगितलं की फाइल सिस्टीम त्या कुठल्या क्रमाने देईल याची हमी नसते, आणि यंत्राची भाषा वेगळी असेल तर अक्षरांची क्रमवारीही बदलते. मग टाइमझोन, फाईलींच्या परवानग्या, रँडम आकडे, एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी कुठलं आधी संपलं, आणि अर्थातच कंपायलरची आवृत्ती. यातल्या एकाही गोष्टीचा प्रोग्राम काय काम करतो याच्याशी संबंध नाही. पण प्रत्येकीने फाईल बदलते. आणि हजार निरुपद्रवी फरकांच्या गर्दीत एक विषारी फरक लपवणं सोपं असतं. चेकसम जुळत नाही, सगळे म्हणतात, 'अरे, तारखेमुळे असेल.' हेच वाक्य चोराचं घर आहे.

विषारी फरक किती लहान असू शकतो? 2002 साली ओपनएसएसएच या प्रोग्राममध्ये एक चूक सापडली. हा प्रोग्राम म्हणजे जगभरच्या सर्व्हरांचं पुढचं दार. एका तपासणीत 'पेक्षा मोठा' लिहिलं होतं, तिथे 'पेक्षा मोठा किंवा बरोबर' हवं होतं. एवढ्याने आत शिरलेल्याला नको ते अधिकार मिळू शकत होते. नेहमीच्या इंटेल प्रोसेसरच्या भाषेत 'लहान असेल तर उडी मार' आणि 'लहान किंवा बरोबर असेल तर उडी मार' या दोन छोट्या आज्ञांमध्ये फरक फक्त एका बिटचा असतो. काही जीबींच्या इमेजमध्ये एक बिट. म्हणूनच 'जवळपास सारखी' या शब्दांना इथे किंमत नाही. सारखी म्हणजे सारखी.

चोर नोंदवहीत शिरला आणि चोर माजघरात शिरला

आता इतिहास बघू, म्हणजे ही एका चिडलेल्या इंजिनिअरची कुरकुर नाही हे पटेल.

नोव्हेंबर 2003. लिनक्स कर्नलचा खरा इतिहास तेव्हा बिटकीपर नावाच्या व्हर्जन कंट्रोलमध्ये होता आणि लोकांच्या सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवली जायची. कुणीतरी त्या प्रतीत शिरून दोन ओळी घुसवल्या. वरवर बघता ती तपासणी वाटावी, पण बरोबरीच्या दोन चिन्हांऐवजी एकच चिन्ह होतं, आणि त्यामुळे ठरावीक आकडे देणारा कुणीही रूट होऊ शकला असता. पकडलं कसं गेलं? प्रत मूळ नोंदीशी जुळेना. त्या बदलाला मागे कुठलीच मंजूर नोंद नव्हती. उताऱ्यावर नाव होतं, फेरफार नव्हता.

मार्च 2021. पीएचपी या भाषेच्या गिट सर्व्हरवर दोन विषारी कमिट आले, तेही खुद्द पीएचपीच्या प्रमुख माणसांच्या नावाने. काही तासांत लोकांच्या डोळ्यांवर आले आणि काढून टाकले गेले. कारण कमिट म्हणजे चव्हाट्यावर केलेली नोंद. ती सगळ्यांना दिसते.

आता दुसरी बाजू. वेबमिन नावाचं सर्व्हर सांभाळायचं साधन आहे. एप्रिल 2018 मध्ये कुणीतरी त्याच्या बिल्ड करायच्या यंत्रात शिरलं आणि तिथल्या फाईलमध्ये चोरदार टाकलं. गिटहबवरचा कोड स्वच्छ होता. तो कितीही वेळा वाचला असता तरी काही सापडलं नसतं. लोक उतरवून घेत होते त्या पॅकेजात मात्र विष होतं. हे उघडकीला आलं ऑगस्ट 2019 मध्ये, म्हणजे वर्षाहून जास्त काळाने. त्यानंतर त्यांनी जे उपाय जाहीर केले त्यातला एक असा, की यापुढे यंत्रावरच्या फोल्डरमधून नाही, तर फक्त गिटमध्ये नोंदवलेल्या कोडमधूनच बिल्ड होईल.

आणि सगळ्यांचा बाप म्हणजे सोलरविंड्स. हल्लेखोरांनी त्यांच्या बिल्ड यंत्रावर एक पाळतखोर प्रोग्राम बसवला. ओरायन या उत्पादनाचा बिल्ड सुरू झाला की तो एका सोर्स फाईलच्या जागी स्वतःची फाईल ठेवायचा आणि काम झालं की मूळ फाईल जागेवर. नोंदवही स्वच्छ, उताऱ्यात विष. 2020 च्या वसंतात ते अपडेट कंपनीच्या अस्सल सहीसकट बाहेर गेले. सुमारे 18 हजार ग्राहकांपर्यंत ते पोचले असावेत, असं कंपनीनेच सांगितलं. त्यांत अमेरिकी सरकारची खातीही होती. कळलं डिसेंबरमध्ये, तेही फायरआय ही सुरक्षा कंपनी स्वतःच्या घरातल्या चोरीचा माग काढत होती म्हणून.

चारही घटना शेजारी ठेवा. नोंदवहीत शिरलेला चोर लवकर पकडला गेला. माजघरात, म्हणजे नोंदवही आणि तयार माल यांच्या मधल्या खोलीत शिरलेला चोर महिनोन्महिने जेवून गेला. आपण गेली वीस वर्षं नोंदवहीला कुलपावर कुलपं लावतोय. कोड रिव्ह्यू, दोन जणांची मंजुरी, सही केलेले कमिट. आणि माजघराचं दार सताड उघडं ठेवलंय.

'पण आमची सही आहे'

या मुद्द्यावर कुठल्याही बैठकीत पहिलं उत्तर येतं ते हे. अपडेटवर आमची क्रिप्टोग्राफिक सही आहे, ती कुणाला खोटी करता येत नाही. खरं आहे. सोलरविंड्सचीही कुणी खोटी केली नव्हती. सही एवढंच सांगते की हे पाकीट आमच्याकडून निघालं. पाकिटात काय आहे ते सही सांगत नाही. तलाठ्याची सही खरी आहे म्हणून उतारा खरा होत नाही. उतारा खरा होतो तो फेरफाराशी जुळतो म्हणून.

दुसरं उत्तर येतं ओपन सोर्सवाल्या मित्रांकडून. त्यांच्यावर माझा राग जास्त, कारण मी त्यांच्यातलाच. 'आमचा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा.' वाचतो की. पण मी वाचला तो कोड, आणि माझ्या यंत्रावर चालतेय ती बायनरी. या दोन्हींमधला पूल कुठे आहे? हॉटेलच्या भिंतीवर चकचकीत स्वयंपाकघराचा फोटो लावला म्हणून माझ्या ताटातली भाजी तिथेच शिजली असं होत नाही. 2020 च्या मे महिन्यात आरोग्य सेतू अ‍ॅपचा अँड्रॉइडचा कोड सरकारने खुला केला. चांगलं केलं. पण कोड खुला करणं ही अर्धी गोष्ट. माझ्या फोनवर प्ले स्टोअरमधून आलेलं अ‍ॅप त्याच कोडपासून बनलं का, हा प्रश्न नुसता कोड दाखवून सुटत नाही. तो सुटतो मी तोच कोड घेऊन बिल्ड केल्यावर तीच फाईल आली तर. सिग्नलने अँड्रॉइड अ‍ॅपसाठी अशी सोय 2016 मध्येच जाहीर केली होती. अशक्य काही नाही.

सीव्हीएसवाल्यांनी करून दाखवलं

आता 'हे फार अवघड आहे' या सबबीकडे येतो.

डेबियन या लिनक्सच्या मंडळींनी 2013 मध्ये हे काम गंभीरपणे हाती घेतलं. डेबियनमध्ये तीस हजारांहून अधिक सोर्स पॅकेज आहेत, जगभर विखुरलेले स्वयंसेवक ती सांभाळतात, आणि बहुतेकांना त्यासाठी छदामही मिळत नाही. त्यांनी प्रत्येक पॅकेज दोनदा बनवायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा बनवताना मुद्दाम घड्याळ, टाइमझोन, भाषा, फोल्डर, यंत्राचं नाव बदलायचं आणि बघायचं की माल तोच येतो का. फरक आला की तो कुठे आहे हे दाखवायला त्यांनी डिफोस्कोप नावाचं अवजार बनवलं. आज त्यांच्या चाचण्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पॅकेज तशीच्या तशी पुन्हा बनतात.

त्यांनी काढलेली सर्वांत सुंदर युक्ती घड्याळाची आहे. बिल्ड करताना 'आत्ता किती वाजले' असं यंत्राला विचारायचंच नाही. वेळ घ्यायची नोंदवहीतून. कोडमधला शेवटचा बदल ज्या क्षणी नोंदवला गेला, तोच या बिल्डचा मुहूर्त. सोर्स डेट इपॉक नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये तो आकडा ठेवायचा आणि कंपायलरपासून पॅकेज बांधणाऱ्या अवजारांपर्यंत सगळ्यांनी तोच वाचायचा. मग तुम्ही आज बनवा नाहीतर पाच वर्षांनी दिवाळीत बनवा, फाईल म्हणेल मी त्याच क्षणाची. व्हर्जन कंट्रोल इथे नुसतं जुन्या प्रती ठेवायचं कपाट राहत नाही, तेच घड्याळ होतं.

आणि नेटबीएसडी? ही एक जुनी, छोट्या गटाची, पण अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांनी जाहीर केलं की 64 बिटच्या इंटेल पद्धतीच्या आणि स्पार्क यंत्रांसाठी त्यांचा संपूर्ण बिल्ड तंतोतंत पुन्हा बनतो. कर्नल, लायब्ररी, सगळं. गंमत म्हणजे तेव्हा ते सीव्हीएस वापरत होते. माझ्या वयाच्या वाचकांनी बहुधा सीव्हीएस पाहिलेलं नसेल. त्यात गिटसारखा अख्ख्या झाडाचा एक कमिट हॅश नसतो, प्रत्येक फाईलची आवृत्ती वेगळी चालते. तरी त्यांनी सगळ्या फाईलींमधल्या सर्वांत ताज्या बदलाची वेळ शोधून काढली आणि तीच बिल्डची वेळ ठरवली. एक पर्याय देऊन बिल्ड चालवला की झालं. ज्यांच्याकडे गिट आहे, एका हॅशमध्ये अख्खं झाड गोठवायची सोय आहे, क्लाउडवर भाड्याची शंभर यंत्रं आहेत, त्यांनी 'जमत नाही' म्हणायला तोंड कुठे आहे?

मोठ्यांनाही जमतं. विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या सिस्टीम फाईलींमधल्या तारखेच्या रकान्यात तारीख ठेवणं सोडलं आणि तिथे मजकुरावरून काढलेला हॅश टाकायला सुरुवात केली. कारण हेच, की कोड तोच असेल तर फाईल तीच निघावी.

गिट म्हणजे ताईत नव्हे

इतकं बोलल्यावर माझ्याच बाजूची भोकंही दाखवायला हवीत, नाहीतर मीही ताईत विकणाऱ्यांतलाच एक.

मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला त्याच्या यंत्रावर एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! तो खणत गेला आणि एक्सझेड या फाईली आवळायच्या लायब्ररीत चोरदार सापडलं. ते टाकणारा माणूस टोपणनावाने दोन-तीन वर्षं गोडीगुलाबीने काम करत प्रकल्पाचा सांभाळकर्ता झाला होता. या प्रकरणात विषाची पुडी गिटमध्येच होती, चाचणीसाठीची बायनरी फाईल म्हणून. ती बिल्डमध्ये ओतणारी स्क्रिप्ट मात्र गिटमध्ये नव्हती. ती फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होती, आणि वितरणं बनवणारे लोक गिटऐवजी तोच गठ्ठा घेऊन बिल्ड करत होते.

इथे नुसता 'तसाच बिल्ड' कामाला आला नसता. त्याच गठ्ठ्यापासून दहा जणांनी बनवलं असतं तर दहाही जणांकडे तंतोतंत तेच विष आलं असतं. म्हणून माझ्या मागणीत दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात. बिल्ड तसाच्या तसा पुन्हा होणारा हवा, आणि तो नोंदवहीतूनच सुरू झालेला हवा. मध्ये कुणाच्या हातचा गठ्ठा नको. आणि यानेही वाईट कोड चांगला होत नाही. नोंदवहीत उघड लिहिलेली लबाडी वाचायला माणसंच लागतात. एवढंच होतं, की चोराला नोंदवहीत सही करूनच चोरी करावी लागते.

आणखी खोल गेलं तर केन थॉम्प्सन भेटतात, युनिक्सच्या जनकांपैकी एक. 1984 मध्ये छापलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्यांनी दाखवलं की कंपायलरच बिघडवला, तर कोड स्वच्छ असूनही माल बिघडतो, आणि तो कंपायलर पुढच्या कंपायलरलाही बिघडवतो. म्हणून कंपायलरही नोंदवहीत हवा, त्याची नेमकी आवृत्ती बांधून. यावर काम करणारे लोक आहेत. 2023 मध्ये ग्विक्स या वितरणाने अवघ्या 357 बाइटच्या बीजापासून सुरुवात करून कंपायलरांची सगळी साखळी सोर्समधून उभी करून दाखवली. 357 बाइट म्हणजे एका व्हॉट्सअ‍ॅप सुविचाराएवढे. तेवढे माणसाला डोळ्यांनी वाचता येतात.

स्वदेशी म्हणजे काय?

आता आपल्या अंगणात. सी-डॅकचं बॉस लिनक्स अनेक वर्षं आहे. 2023 मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखालून भारओएस आलं, त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांसाठी माया ओएसच्या बातम्या आल्या. प्रत्येक वेळी आपली छाती फुगली. माझीही फुगली. मी यांतल्या कुणावर आरोप करत नाहीये, मी एक प्रश्न विचारतोय जो त्या बातम्यांखाली कुणी विचारला नाही: कमिट कुठला? कुठल्या नोंदीपासून ही इमेज बनली, आणि दुसऱ्या यंत्रावर बनवून कुणी ताडून पाहिली?

कारण 'स्वदेशी' या शब्दाचा सॉफ्टवेअरमधला अर्थ बनवणाऱ्याच्या पासपोर्टवर ठरत नाही. आपली सिस्टीम आपण शून्यातून पुन्हा बनवू शकतो का, यावर ठरतो. पुण्यात बनलेली पण पुन्हा बनवता न येणारी इमेज आपल्यासाठी तेवढीच परकी, जेवढी कॅलिफोर्नियातली. बॉस तर डेबियनवर उभं आहे. डेबियनच्या लोकांनी दहा वर्षं घाम गाळून रस्ता केलाय, आपण फक्त चालायचंय. सरकारी टेंडरमध्ये एक ओळ घाला: 'पुरवठादाराने दिलेल्या कमिटपासून विभागाने स्वतःच्या यंत्रावर बनवलेली इमेज पुरवलेल्या इमेजशी तंतोतंत जुळली तरच बिल मंजूर होईल.' मग बघा, 'अवघड आहे' म्हणणारे किती पटकन शिकतात.

'पण तपासणार कोण?'

हा शेवटचा आणि सर्वांत आळशी आक्षेप. सामान्य माणूस घरी बसून ऑपरेटिंग सिस्टीम थोडीच बनवणार आहे?

नाही बनवणार. माहितीचा अधिकार आहे म्हणून प्रत्येक माणूस रोज अर्ज करतो का? पण कुणीही, कधीही अर्ज करू शकतो, या धास्तीने फायली जरा नीट लिहिल्या जातात. इथेही तसंच. दहा जण पुरेत. एक विद्यापीठ, एक वर्तमानपत्र, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, कुणीतरी रिकामटेकडा विद्यार्थी. एकमेकांना न ओळखणाऱ्या दहा जणांनी बनवून हॅश जाहीर केले आणि ते जुळले, की बाकीच्यांना विश्वास ठेवायला कारण मिळतं. एक जरी जुळला नाही तरी घंटा वाजते. आणि चोराला आता एका यंत्रात शिरून भागत नाही, दहा अनोळखी यंत्रांत एकाच वेळी शिरावं लागतं.

यात बिल्ड करणाऱ्या माणसाचंही भलं आहे, हे आम्ही इंजिनिअर विसरतो. रिलीजच्या चाव्या एकाच्या हातात असतील तर शत्रू त्याच्याच दारात येणार. धमकी त्यालाच, लाच त्यालाच, संशयही त्याच्यावरच. माझा तो लॅपटॉपवाला मित्र निरपराध होता, पण त्या अकरा दिवसांत बैठकीच्या खोलीत त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मला आठवतं. तो तिथे नव्हता, त्याला बाजू मांडता आली नाही. बिल्ड तसाच्या तसा होणारा असता तर विसरलेली ती ओळ दुसऱ्याच दिवशी सापडली असती, आणि तो प्रामाणिक आहे हे कुणाच्या शब्दावर अवलंबून राहिलं नसतं.

म्हणून माझ्या वयाच्या, माझ्या धंद्यातल्या मित्रमैत्रिणींना सांगणं एवढंच. सोमवारी ऑफिसला जाल तेव्हा शेवटच्या रिलीजचा टॅग काढा. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या फोल्डरमध्ये बनवा. दोन्हींचे हॅश शेजारी ठेवा. जुळले तर टीमला माझ्याकडून चहा. नाही जुळले, तर 'तारखेमुळे असेल' म्हणून खिडकी बंद करू नका. तारीखच आहे हे सिद्ध करा, ती नोंदवहीतून घ्यायला लावा, आणि पुढचा फरक शोधा.

आणि ज्यांचा हा धंदा नाही त्यांनी फक्त प्रश्न विचारायची सवय लावावी. कुणी नवी सिस्टीम, नवं सरकारी अ‍ॅप, नवं सुरक्षित मेसेंजर घेऊन आलं आणि कोड खुला असल्याचं, सही असल्याचं, देशी असल्याचं सांगायला लागलं, की ऐकून घ्या, मान डोलवा आणि विचारा: उतारा दिलात, फेरफार दाखवता का?